परदेशी पदवी घरबसल्या: धडा, क्रेडिट आणि मान्यतेचा हिशोब

निकाल लागले की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. 'नोकरी न सोडता युरोपातलं एमबीए', 'घरबसल्या परदेशी पदवी, हप्त्याची सोय'. आमच्या अभ्यासकेंद्रावर रविवारचं संपर्क सत्र संपलं की कुणी ना कुणी तो मोबाइल माझ्यापुढे धरतं. कुपवाड एमआयडीसीत पाळी करणारा मुलगा असतो, सुट्टीवर आलेला साताऱ्याकडचा जवान असतो, आखातात नर्स असलेल्या मुलीचे तासगावचे वडील असतात. प्रश्न एकच: "सर, हे चालतं का?"

हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही, कारण त्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. धडा कुणी लिहिला आणि तो वापरायची मुभा कुणाला आहे, हा पहिला. विद्यार्थ्याने किती अभ्यास केला हे कुणी आणि कोणत्या मापाने मोजलं, हा दुसरा. हातात पडलेल्या कागदावरची सही कोणत्या देशात, कोणत्या कामासाठी मानली जाते, हा तिसरा. उच्च शिक्षणातल्या दूरशिक्षणासाठी देशादेशांत जे सहकार्य चालतं, ते सगळं या तीन प्रश्नांभोवती फिरतं. पहिल्यावर जग बरंच पुढे गेलं आहे. दुसऱ्यावर निम्मी वाट सरली आहे. तिसऱ्यावर मात्र प्रत्येक देशाने दाराची किल्ली स्वतःकडेच ठेवली आहे. जाहिरातीत ही तिन्ही एकत्र बांधून विकली जातात आणि कष्टाने पैसे जमवलेली पोरं तिथेच अडकतात. म्हणून हे नीट उलगडून सांगायचं ठरवलं.

इथवर कसं आलो

दूर राहून परीक्षा द्यायची सोय लंडन विद्यापीठाने १८५८ साली केली. विद्यार्थी कुठेही शिको, परीक्षा लंडनची; शिकवणीचं ज्याचं त्याने बघायचं. पुढे टपालाने धडे पाठवायची पद्धत अनेक देशांत रुजली. १९३८ साली कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात अशा संस्थांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातून एक कायमची संघटना उभी राहिली. आयसीडीई या नावाने ती आज नॉर्वेतल्या ऑस्लोहून चालते. दक्षिण आफ्रिकेतलं युनिसा हे याच परंपरेतलं जुनं विद्यापीठ. नेल्सन मंडेला यांनी १९८९ मध्ये, कैदेत असतानाच, तिथून एलएलबी पूर्ण केलं.

खरा पालट १९६९ मध्ये झाला. ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि १९७१ च्या जानेवारीत तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशाला आधीच्या शिक्षणाची अट नाही, धडे तज्ज्ञांच्या गटाने एकत्र बसून लिहिलेले, जोडीला रेडिओ आणि टीव्ही, आणि शंका विचारायला आपापल्या भागात शिक्षक. ही घडी बघायला देशोदेशींची माणसं तिकडे गेली. मग पाकिस्तानात १९७४, थायलंडमध्ये १९७८, श्रीलंकेत १९८०, आपल्याकडे हैदराबादला १९८२ आणि दिल्लीत इग्नू १९८५ अशी मुक्त विद्यापीठं निघत गेली. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं.

या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते यशवंतराव जन्मले सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात आणि वाढले कराडात. त्याच कराडजवळच्या काले गावात १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली, आणि 'कमवा आणि शिका' ही रीत घालून दिली. कमावता माणूस हाच मुख्य विद्यार्थी, ही समजूत आपल्या भागाला बाहेरून शिकावी लागली नाही. बाहेरून आलं ते तंत्र: धडा असा लिहायचा की समोर शिक्षक नसतानाही तो समजला पाहिजे. ते तंत्र आपण घेतलं, आपल्या भाषेत मुरवलं, आणि माझ्या मते दूरशिक्षणातल्या देशोदेशींच्या सहकार्याचं सगळ्यात यशस्वी फळ तेच आहे. त्यासाठी कुणाला परदेशी पदवीचा शिक्का लागला नाही.

१९८७ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी आशियातल्या मुक्त विद्यापीठांचा संघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी व्हँकूव्हरला जमलेल्या राष्ट्रकुलातल्या सरकारप्रमुखांनी 'कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग' ही संस्था काढायचं ठरवलं. या संस्थेचं मुख्य कार्यालय कॅनडात आहे आणि आशियासाठी १९९४ पासून दिल्लीत एक माध्यम केंद्र आहे. इग्नूत काम केलेल्या आशा कंवर या दहा वर्षांहून अधिक काळ तिच्या प्रमुख होत्या. ही संस्था स्वतः कुणाला पदवी देत नाही. देशांना एका टेबलाशी बसवणं आणि धडे तयार करायला हात लावणं, हे तिचं काम.

तिने घडवलेला एक उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. भारताचं इग्नू, पाकिस्तानचं अल्लामा इक्बाल मुक्त विद्यापीठ, बांगलादेश मुक्त विद्यापीठ आणि श्रीलंकेचं मुक्त विद्यापीठ या चौघांनी मिळून एमबीए आणि लोकप्रशासनाचा एक सामाईक अभ्यासक्रम तयार केला. धडे एकत्र, प्रवेश आणि परीक्षा ज्याच्या त्याच्या, पदवीही ज्याच्या त्याच्या विद्यापीठाची. सरकारांचं एकमेकांशी काय चाललं आहे याची झळ त्या धड्यांना लागू नये अशीच ती मांडणी होती. वरच्या तीन प्रश्नांपैकी पहिला त्यांनी एकत्र सोडवला आणि तिसरा मुद्दाम वेगळा ठेवला. हे धोरण शहाणपणाचं होतं, कारण पदवीची मान्यता एकत्र करायला गेले असते तर धडेही निघाले नसते.

धडा कुणाचा

पहिल्या प्रश्नाकडे बघू. एखाद्या परदेशी विद्यापीठाचं व्याख्यान यूट्यूबवर दिसतं म्हणजे ते आपल्याला वापरता येतं असं नाही. बघता येतं; पण त्याचा मराठी अनुवाद करून अभ्यासकेंद्रावर वाटता येतो का, हे परवान्यावर ठरतं. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये आपलं अभ्याससाहित्य जगाला मोफत खुलं करायचं जाहीर केलं. २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक संसाधनं' हे नाव मिळालं, आणि त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. २०१९ मध्ये युनेस्कोने सदस्य देशांसाठी याबद्दलची शिफारसही मंजूर केली.

हे परवाने म्हणजे लेखकाने आधीच देऊन ठेवलेली लेखी परवानगी. त्यात चार अटी येऊ शकतात. मूळ कर्त्याचं नाव द्या, ही एक. धंदा करू नका, ही दुसरी. तुम्ही बदल करून जे तयार कराल तेही त्याच अटींवर इतरांना द्या, ही तिसरी. आणि काही साहित्यावर चौथी असते: बदल करू नका. ही चौथी अट असेल तर अनुवाद करून वाटता येत नाही, कारण अनुवाद हाही बदलच. एमआयटीच्या खुल्या साहित्यावर पहिल्या तीन अटी आहेत, म्हणजे ते मराठीत आणून विनामूल्य देता येतं. इस्लामपूरच्या किंवा वडूजच्या महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकाने भौतिकशास्त्राचे दहा धडे असे मराठीत आणले, तर त्याला ना करार लागतो, ना दिल्लीची परवानगी. हे काम आपल्याकडे फार कमी होतं आणि त्याबद्दल मला खंत वाटते. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमात मराठीसह भारतीय भाषांत अनुवाद होऊ लागले आहेत, ती वाट तरी आपण धरायला हवी.

साहित्य एकत्र तयार करण्याची ताकद कळायची असेल तर छोट्या देशांकडे बघावं. मालदीव, सामोआ, मॉरिशस, त्रिनिदाद यांच्यासारख्या राष्ट्रकुलातल्या ३२ लहान देशांनी मिळून एक आभासी विद्यापीठ उभारलं. त्याला इमारत नाही आणि ते स्वतः पदवीही देत नाही. या देशांतले शिक्षक एकत्र बसून पर्यटन, मासेमारी, आपत्ती व्यवस्थापन, लहान उद्योग असे विषय लिहितात, खुल्या परवान्यावर ठेवतात, आणि प्रत्येक देश आपल्याला हवे तसे बदल करून वापरतो. दोन-तीन लाख लोकवस्तीच्या देशाला मासेमारीच्या पदविकेसाठी वीस तज्ज्ञ कुठून मिळणार? ते शेजाऱ्यांकडून मिळाले. २०१० मध्ये त्यांनी पात्रतांच्या पातळ्या एकमेकांशी जोडणारी एक सामाईक चौकटही आखली, म्हणजे एका बेटावरचं प्रमाणपत्र दुसऱ्या बेटावर कोणत्या पातळीचं धरायचं हे आधीच कळतं. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतल्या महाविद्यालयांना पाणलोटाचा किंवा डाळिंबाचा असा एक सामाईक अभ्यासक्रम करायला काय हरकत आहे?

तास कुणी मोजले

हा भाग थोडा आकड्यांचा आहे, पण इथेच सगळी गोम आहे, म्हणून सावकाश वाचावा.

शिकण्याचं माप आता क्रेडिटमध्ये, म्हणजे श्रेयांकांत होतं. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, आणि त्यात वाचन, स्वाध्याय, संपर्क सत्र सगळं धरलेलं असतं. वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट २५ ते ३० तासांचं, म्हणजे वर्षाचे १५०० ते १८०० तास. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट १० तासांचं आणि वर्षाला १२० क्रेडिट, म्हणजे पुन्हा १२०० तास. अमेरिकेत साधारण ४५ तासांचं एक आणि वर्षाला ३०.

आता समजा, विट्याच्या एका मुलीने आपल्या विद्यापीठाचा ४ क्रेडिटचा एक विषय पूर्ण केला. म्हणजे १२० तास. तिला पुढे युरोपातल्या विद्यापीठात शिकायचं आहे. तासांच्या हिशोबाने तिला तिकडची ४ ते ४.८ क्रेडिट मिळतील. पण दुसरीही एक रीत आहे: आपलं वर्ष ४० चं, त्यांचं ६० चं, म्हणजे दीडपट करा. त्या रीतीने तिला ६ मिळतात. अभ्यास तोच, मुलगी तीच, उत्तरं दोन. कोणती रीत लागेल हे समोरचं विद्यापीठ ठरवतं, आणि दोन विद्यापीठांत करार असेल तर करारात लिहिलेलं असतं. म्हणून एखादी संस्था 'आमचे क्रेडिट जगभर चालतात' असं म्हणाली, तर रूपांतराचा तक्ता लेखी मागावा. जगभर चालणारं एकच क्रेडिट अजून तरी कुठे नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद हातात घेऊन, वास घेऊन बोली लावता येते; कुणी किती तास अभ्यास केला हे असं पारखता येत नाही. म्हणून मोजणाऱ्यावर विश्वास असावा लागतो, आणि तो विश्वास बसावा यासाठी परीक्षा कशी घेतली याला फार महत्त्व येतं. आपल्याकडच्या स्वयम् या सरकारी व्यासपीठाचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये ते सुरू झालं. व्याख्यानं घरी बसून मोफत बघता येतात, पण क्रेडिट हवं असेल तर फी भरून, ओळखपत्र दाखवून देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून घ्यायला विद्यापीठ मुभा देऊ शकतं. ते क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या आपल्या खात्यात जमा होतात. देशातल्या देशात तरी क्रेडिटचा प्रवास आता बऱ्यापैकी सुरळीत झाला आहे. देशाबाहेर जाताना मात्र प्रत्येक वेळी हिशोब नव्याने मांडावा लागतो.

सही कुठे चालते

तिसरा प्रश्न सगळ्यात नाजूक. नियम सांगतो, कारण फसवणूक इथेच होते.

आधी आपल्याच विद्यापीठांचं. शिवाजी विद्यापीठ असो, नाशिकचं मुक्त विद्यापीठ असो की इग्नू, युजीसीची मान्यता असलेल्या दूरशिक्षण किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाची पदवी ही नियमित पदवीच्या तोडीची मानली जाते. २०२० च्या नियमावलीत ते आहे आणि २०२२ मध्ये युजीसीने पुन्हा स्पष्ट केलं आहे. तरीही 'बाहेरून केलंय' म्हणून पोरांना खाली बघायला लावणारे महाभाग अजून आहेत, ते मला अजिबात पटत नाही. मात्र सगळे विषय असे शिकवता येत नाहीत. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, कायदा यांच्या पदव्यांना दूरशिक्षणाची मान्यता नाही. २०२५ मध्ये मानसशास्त्राचीही त्यात भर पडली. मान्यता विद्यापीठाला असते तशी ती प्रत्येक अभ्यासक्रमालाही लागते आणि ठरावीक मुदतीची असते. युजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष अशा तिन्ही गोष्टी जुळतात का ते बघावं. आता प्रवेशासाठी विद्यार्थ्याला त्या विभागाचा डेब आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांकही काढावा लागतो, आणि ज्या संस्थेत तो मागतच नाहीत तिथे थांबून चौकशी करावी.

आता परदेशी पदवी. २०२२ मध्ये युजीसीने भारतीय आणि परदेशी संस्थांनी मिळून अभ्यासक्रम चालवायचे नियम केले. त्यात तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये विद्यार्थी काही भाग परदेशी संस्थेत शिकतो, ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिकडचे, पण पदवी भारतीय संस्थेचीच. संयुक्त पदवीत दोघांचा मिळून एक अभ्यासक्रम, प्रत्येकाकडे किमान ३० टक्के क्रेडिट, आणि एकाच प्रमाणपत्रावर दोघांची मुद्रा. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था आपापली पदवी देतात. परदेशी संस्था क्यूएस किंवा टाइम्स हायर एज्युकेशनच्या क्रमवारीत पहिल्या हजारात हवी. भारतीय संस्थेलाही नॅक या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे किमान ३.०१ गुण किंवा त्यासारखी दुसरी पात्रता लागते. आणि एक ओळ ठळक करून सांगतो: हे नियम ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना लागू नाहीत. म्हणजे या वाटेने परदेशी विद्यापीठाची संयुक्त पदवी संपूर्ण ऑनलाइन मिळत नाही. २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात संकुलं काढायला परवानगी देणारे नियम आले, त्यांतही ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने अभ्यासक्रम चालवायला मनाई आहे; फक्त १० टक्क्यांपर्यंत व्याख्यानं ऑनलाइन चालतात.

त्याच वर्षाच्या शेवटी युजीसीने इशारा दिला की काही संस्था आणि ऑनलाइन शिक्षण कंपन्या मान्यता नसलेल्या परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून पदव्या देत आहेत, अशी फ्रँचायझी चालत नाही आणि त्या पदव्यांना मान्यता नाही. मोबाइलवर येणाऱ्या जाहिराती वाचताना हा इशारा आठवावा.

मग साताऱ्यात बसून एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला थेट प्रवेश घेतला तर? शिकायला कुणी अडवत नाही. त्या देशात ते विद्यापीठ मान्यताप्राप्त असेल तर तिथली पदवी तिथे खरीच असते, आणि खासगी कंपनीला ती चालू शकते. पण इथे सरकारी नोकरी, नेट-सेट, पीएचडीचा प्रवेश यांसाठी समकक्षतेचा, म्हणजे ती इथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची धरायची हा प्रश्न येतो. हे काम बरीच वर्षं भारतीय विद्यापीठ संघाकडे होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये युजीसीने त्यासाठी स्वतःची नियमावली काढली. फ्रँचायझीने मिळवलेली पदवी तिच्यात बसत नाही. डॉक्टर, नर्स, वकील, वास्तुविशारद यांच्या पदव्यांचा निर्णय त्या त्या परिषदा घेतात. म्हणून पैसे भरण्याआधी, ज्या कामासाठी पदवी हवी आहे त्या कार्यालयालाच लेखी विचारावं. एजंटाच्या तोंडी आश्वासनाला काडीचीही किंमत नाही.

उलट दिशेने, म्हणजे आपली पदवी घेऊन परदेशात जाताना, अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात दाखवायच्या कागदावर सरकारकडून घ्यायच्या दाखल्याचा गोंधळ होतो. हा दाखला एकमेकांचा मानायच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून आहे. अपोस्टिलमुळे सही-शिक्का खरा आहे एवढंच सिद्ध होतं. ती पदवी त्यांच्याकडच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, हे वेगळं कार्यालय ठरवतं, त्याची फी वेगळी आणि वेळही वेगळा. परदेशी जाणाऱ्या आपल्याकडच्या घरांत या दोन गोष्टी एकच समजल्या जातात आणि ऐनवेळी धावपळ होते.

हा तिढा सुटावा म्हणून मोठे प्रयत्न चालू आहेत. भारताने ब्रिटनशी जुलै २०२२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाशी मार्च २०२३ मध्ये शैक्षणिक पात्रता एकमेकांच्या मानण्याचे करार केले. व्यवसायाची नोंदणी त्यांत येत नाही. त्याहून व्यापक म्हणजे युनेस्कोचा उच्च शिक्षणातल्या पात्रतांच्या मान्यतेचा जागतिक करार. तो नोव्हेंबर २०१९ मध्ये मंजूर झाला आणि मार्च २०२३ पासून, ज्या देशांनी त्याला विधिवत संमती दिली त्यांच्यापुरता, लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या विषयासाठी फार महत्त्वाच्या आहेत. एक, मान्यता नाकारायची असेल तर दोन पात्रतांत मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्या कार्यालयाने दाखवून द्यायचं. सिद्ध करायचं ओझं विद्यार्थ्यावर नाही. दोन, ऑनलाइन किंवा अन्य मार्गाने रीतसर मिळवलेल्या पात्रतेला नियमित पात्रतेसारखेच निकष लावायचे. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला जगाच्या पातळीवर इतका सरळ न्याय आजवर कुठल्या कागदाने दिला नव्हता.

आपण देणारेही आहोत

सहकार्य म्हटलं की आपल्याकडे हात पुढे करून घेण्याचंच चित्र डोळ्यांपुढे येतं. ते अपुरं आहे. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी २००४ मध्ये आफ्रिकी संसदेपुढे कल्पना मांडली आणि २००९ मध्ये भारत-आफ्रिका ई-नेटवर्क सुरू झालं. उपग्रह आणि समुद्राखालच्या केबलने आफ्रिकेतली विद्यापीठं आणि रुग्णालयं भारताशी जोडली गेली. इग्नूसह भारतीय विद्यापीठांचे तास तिकडे दिसू लागले. पुढे इंटरनेट स्वस्त झाल्यावर २०१९ मध्ये त्याची जागा ई-विद्याभारतीने घेतली आणि पाच वर्षांत आफ्रिकी विद्यार्थ्यांना १५,००० शिष्यवृत्त्या द्यायचं ठरलं. आखात, नेपाळ, आफ्रिका इथे इग्नूची अभ्यासकेंद्रंही चालली.

आपल्या राज्य विद्यापीठांसाठी इथे एक गाठ समजून घ्यावी. पुस्तकं आणि अभ्यासकेंद्रांवर चालणारं दूरशिक्षण त्यांना आपल्या कार्यक्षेत्रातच चालवता येतं. संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला मात्र क्षेत्राची सीमा नाही, परदेशातला विद्यार्थीही घेता येतो. खानापूर-आटपाडी भागातली गलाई करणारी कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत, काही देशाबाहेरही आहेत. सोन्या-चांदीच्या भट्टीपाशी वाढणारी त्यांची मुलं आज कोणत्या भाषेत, कुठल्या विद्यापीठात शिकतात याचा विचार आपल्या विद्यापीठांनी करायला हवा. मराठीतून वाणिज्य आणि हिशोबाची चांगली ऑनलाइन पदवी त्यांच्यापर्यंत नेता येईल, आणि त्यासाठी परदेशी भागीदार शोधायचीही गरज नाही.

महाविद्यालयाला उद्या करता येईल असं

पदवी, समकक्षता, करार या सगळ्याला वर्षं लागतात. त्यामानाने सोपा एक प्रकार आहे: दोन देशांतले वर्ग ऑनलाइन जोडून एकत्र शिकायचं. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने २००६ मध्ये त्यासाठी केंद्र काढलं, आणि इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'कॉइल' म्हणतात. दोन देशांतले दोन शिक्षक, त्यांचे नेहमीचे दोन वर्ग, आणि पाच ते आठ आठवड्यांचा एकच सामाईक प्रकल्प. विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयात नोंदलेले राहतात, गुण आपलेच शिक्षक देतात, पदवी आपलीच. परदेशी पदवीचा प्रश्नच येत नाही, म्हणून मान्यतेचाही येत नाही.

विषय आपल्या दारात आहेत. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा महापूर सांगलीने सोसला. आयर्विन पुलाची पाणीपातळी इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पुरासोबत जगणाऱ्या नेदरलँड्समधल्या एखाद्या वर्गाबरोबर भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी पूर आणि वस्ती यांवर काम केलं, तर दोन्हीकडे शिकण्यासारखं भरपूर आहे. साताऱ्याच्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांसाठी कासचं पठार आहे.

अडचणी असतात त्या बारीक. वेळ हीच घ्या: हिवाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. दुपारी साडेचारचा तास त्यांच्याकडे बाराला पडतो आणि मार्चच्या शेवटी अचानक एकला. बस गाठायची असलेल्या मुलींना पाचनंतर थांबवता येत नाही, म्हणून रोज समोरासमोर बोलण्याचा हट्ट धरू नये. आठवड्यातून एकदा थेट भेट आणि बाकी काम लेखी किंवा ध्वनिमुद्रित ठेवावं. खेड्यातलं नेटवर्क बघता ते बरंही पडतं. इंग्रजी अडखळेल, अडखळू द्यावं. समोरच्या वर्गाचीही ती बहुतेक वेळा दुसरी भाषाच असते.

दोन्ही शिक्षकांनी सुरुवातीलाच एका पानावर लिहून काढावं: तारखा, कोणत्या सुट्ट्या आड येतात, विद्यार्थ्यांनी तयार केलेलं काम कोणत्या परवान्यावर ठेवायचं, मुलांचे फोटो आणि आवाज कुठे साठवायचे, आणि या कामाला अंतर्गत मूल्यमापनात किती गुण. शेवटची बाब शिक्षकाच्या हातात नसते. ती अभ्यास मंडळापुढे जावी लागते, म्हणून जूनच्या सत्रात वर्ग जोडायचा असेल तर प्रस्ताव त्याआधीच्या हिवाळ्यात मांडायला हवा.